गोंडी नक्षत्रांसाठी गडचिरोलीत खगोल केंद्र उभारावे: आदिवासी विकास मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय आदिवासी विकास मंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदय,

हवाई बेटांवरील हिलो येथील 'इमिलोआ' खगोल केंद्राला मी अलीकडेच भेट दिली. तेथे जे पाहिले, त्यावरून आपल्याकडे एक मागणी करीत आहे.

हे केंद्र २००६ साली सुरू झाले असून ते हिलो येथील हवाई विद्यापीठाचे आहे. जगातील काही सर्वांत मोठ्या दुर्बिणी ज्या मौना केआ पर्वतावर आहेत, तोच पर्वत मूळ हवाईवासीयांना पूज्य आहे, आणि केंद्रात या दोन्ही बाजू हवाईयन व इंग्रजी फलकांवर शेजारी शेजारी मांडलेल्या आहेत. आपली स्वाती ही तारका म्हणजे त्यांची 'होकुलेआ'. ती हवाईत थेट माथ्यावरून जाते, म्हणून समुद्रावर ती डोक्यावर आली की आपण हवाईच्या अक्षांशावर पोहोचलो, हे नावाड्याला कळते. याच ताऱ्याच्या नावाची होडी १९७६ साली कोणत्याही उपकरणाविना ताहितीला पोहोचली. विशेष म्हणजे हे ज्ञान तेथे केवळ जुना ठेवा म्हणून जपलेले नाही. आपल्या सूर्यमालेत बाहेरून आलेल्या पहिल्या ज्ञात पिंडाचे 'ओउमुआमुआ' हे नाव २०१७ साली याच केंद्राशी संबंधित भाषातज्ज्ञांच्या सल्ल्याने ठेवले गेले.

आपल्या विदर्भातही असे ज्ञान आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत असताना डॉ. मयंक वाहिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गोंड, कोलाम व कोरकू समाजांच्या आकाशज्ञानाची नोंद केली आहे. मृगाच्या ताऱ्यांत गोंड नांगर पाहतात; सप्तर्षीतील चार तारे म्हणजे खाट आणि उरलेले तीन म्हणजे ती पळवायला आलेले चोर. ही माहिती शोधनिबंधांत आहे, पण आश्रमशाळेच्या भिंतीवर नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

म्हणून गडचिरोलीत गोंडवाना विद्यापीठाच्या सोबतीने आणि पुण्याच्या 'आयुका' या खगोलशास्त्र संस्थेच्या मार्गदर्शनाखाली एक खगोल केंद्र उभारावे, तेथील फलक गोंडी व मराठीत असावेत, आणि आकाश जाणणाऱ्या वडीलधाऱ्यांना मानधनासह शिक्षक म्हणून नेमावे. एक गोष्ट मात्र आधी व्हावी. मौना केआवरील ज्या तीस मीटर दुर्बिणीत भारतही भागीदार आहे, तिचे बांधकाम २०१९ साली स्थानिकांनी रस्ता अडवून थांबवले. तेव्हा जागा व आराखडा ठरवण्यापूर्वी ग्रामसभांची संमती घ्यावी. आगामी अर्थसंकल्पात यासाठी प्राथमिक तरतूद व्हावी, ही विनंती.

आपला,
विदर्भातील एक आकाशनिरीक्षक