सदोष एसएमपीएस ‘दोष नाही’ म्हणून परत पाठवल्याबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय : वॉरंटीतील एसएमपीएसची अपुरी तपासणी करून तो न बदलता परत पाठवल्याबाबत.

महोदय,

मी व माझ्या मुलीने घरी जोडलेल्या कॉम्प्युटरसाठी आपल्या कंपनीचा एसएमपीएस, म्हणजे सर्व भागांना वीज पुरवणारे युनिट, घेतला होता. तो अजून वॉरंटीत आहे. खरेदीची पावती आणि आपल्या सेवा केंद्राचा तपासणी अहवाल सोबत जोडत आहे. ‘युनिट सुरू होते, पंखा फिरतो, दोष आढळला नाही’ अशा एका ओळीच्या त्या अहवालाविरुद्ध माझी ही तक्रार आहे; कारण तो अहवाल चुकीचा आहे आणि त्यावर विश्वास ठेवल्यामुळे आमचे 3 आठवडे धडधाकट भागांवर संशय घेण्यात गेले.

कॉम्प्युटरचे बटण दाबले की सगळे पंखे फिरत, पण स्क्रीन काळीच राही. बीप येत नसे आणि मदरबोर्डच्या (सगळे भाग ज्यावर बसतात त्या मुख्य बोर्डाच्या) कडेला सुरुवातीच्या तपासणीचे टप्पे दाखवणारे, सीपीयू (प्रोसेसर), डीरॅम (रॅम), व्हीजीए (ग्राफिक्स कार्ड) व बूट असे लिहिलेले जे चार छोटे दिवे असतात, त्यांपैकी एकही क्षणभरसुद्धा लागत नसे. रॅम किंवा ग्राफिक्स कार्ड बिघडलेले असते तर सुरुवातीची तपासणी निदान तिथपर्यंत पोहोचून त्या त्या दिव्यावर अडकली असती. इथे प्रोसेसरने कामाला हातच घातलेला दिसत नव्हता. 24 पिनांची आणि प्रोसेसरची 8 पिनांची अशा दोन्ही केबल काढून पुन्हा घट्ट बसवल्या, बोर्डावरचा सीआर2032 सेल काढून बायोसच्या (बोर्डातल्या मूळ प्रोग्रॅमच्या) सेटिंग्ज मूळ स्थितीत आणल्या, बोर्ड कॅबिनेटबाहेर काढून पुठ्ठ्यावर ठेवून पाहिला. काहीच फरक पडला नाही, म्हणून एसएमपीएस आपल्याकडे पाठवला.

आपला अहवाल आल्यावर आम्ही साहजिकच बाकीच्या भागांकडे वळलो. प्रोसेसर काढून सॉकेटमधली एकेक पिन भिंगातून पाहिली, रॅम बदलून पाहिली, आणि मदरबोर्ड परत पाठवण्याचीही तयारी केली. प्रोसेसर मुलीने बसवला होता. आपल्याच हातून तो बिघडला अशी तिची खात्री होऊन बसली होती. तिची काहीही चूक नव्हती, आणि या सगळ्या प्रकारात मला सर्वांत जास्त लागले ते हेच.

शेवटी मी मल्टिमीटर आणला. आपल्या केबलमधल्या सगळ्या तारा काळ्या असल्यामुळे रंगावरून काही कळत नाही. आकृतीवरून पिना मोजत, केबल बोर्डाला लावलेली असतानाच कनेक्टरच्या मागच्या बाजूने प्रोब घालून मी मोजमाप केले. वीजपुरवठ्याच्या 12, 5 आणि 3.3 व्होल्टच्या तिन्ही वाहिन्या ठीक होत्या. मात्र 24 पिनांच्या कनेक्टरमधल्या 8 क्रमांकाच्या पिनवर, म्हणजे वीजपुरवठा तयार आहे हे बोर्डाला कळवणाऱ्या ‘पॉवर ओके’ संकेताच्या तारेवर, 0.1 व्होल्टच मिळत होते. वाहिन्या स्थिर झाल्यावर अर्ध्या सेकंदाच्या आत तिथे 5 व्होल्टच्या आसपास यायला हवे, हे आपल्या तंत्रज्ञांना मी सांगण्याची गरज नाही. तो संकेत येईपर्यंत मदरबोर्ड प्रोसेसरला रीसेटमध्ये धरून ठेवतो, म्हणजे काम सुरूच करू देत नाही. पंखे मात्र थेट 12 व्होल्टवर चालत असल्याने फिरत राहतात. ओळखीच्यांकडचा चालू एसएमपीएस लावला तेव्हा त्याच पिनवर 4.9 व्होल्ट आले आणि काही सेकंदांत स्क्रीन उजळली. आपला एसएमपीएस त्यांच्या कॉम्प्युटरला लावला, तर तिथेही पंखे फिरले आणि स्क्रीन काळीच राहिली.

एसएमपीएस बोर्डाला न जोडता, तो सुरू करणारी 16 क्रमांकाची पिन ग्राउंडला टेकवली आणि पंखा फिरला, एवढ्यावर तो निर्दोष ठरवण्यात आला असे अहवालाच्या शब्दांवरून दिसते. घरी पहिला अंदाज घ्यायला ही रीत चालते. वॉरंटी नाकारायला चालत नाही. पंखा फिरला म्हणजे 12 व्होल्ट येत आहेत, इतकेच त्यातून कळते. ‘पॉवर ओके’ येतो का, आणि भार पडल्यावर 12 व्होल्टची वाहिनी 11.4 ते 12.6 व्होल्टच्या मर्यादेत राहते का, हे पाहिल्याशिवाय ‘दोष आढळला नाही’ असे लिहिणे मला बेजबाबदारपणाचे वाटते. ज्या ग्राहकाकडे मल्टिमीटर नाही, तो अशा अहवालावरून चांगला मदरबोर्ड टाकून नवा घेईल.

तरी माझी मागणी आहे की, हा एसएमपीएस बदलून नवा द्यावा, दोन्ही वेळच्या पाठवणीचा खर्च कंपनीने सोसावा आणि आधीचा अहवाल लेखी मागे घ्यावा. बदलून येणाऱ्या युनिटबरोबर भार देऊन घेतलेल्या चाचणीचे आकडे आणि ‘पॉवर ओके’ संकेताची नोंद पाठवावी. आपल्या सेवा केंद्रात यापुढे या दोन्ही चाचण्या होतील का, याचे स्पष्ट उत्तरही मला हवे आहे.

मोजमापाची छायाचित्रे आणि दोन्ही कॉम्प्युटरवरील चाचणीचे चित्रीकरण सोबत आहे. एसएमपीएस मूळ खोक्यात बांधून तयार ठेवला असून 15 दिवसांत लेखी उत्तराची अपेक्षा करते.

आपली,
एक ग्राहक