टीव्हीवाल्या काकांना, कांडपवालीकडून

ती. काका यांस,
सा. न. वि. वि.

आमचा कॉम्प्युटर दुरुस्त केल्याबद्दल तोंडावर आभार मानायला आले तेव्हा तुम्ही "बास गं, चहा टाक" म्हणून विषयच मोडलात. म्हणून हे लिहून काढते आहे, आणि चारचौघांना दिसेल असं लिहिते आहे. तुमचं नाव घालत नाही, कारण घातलं तर उद्या गावभागातले सगळे बंद पडलेले कॉम्प्युटर तुमच्या ओट्यावर येऊन बसतील आणि काकू मला घरात घेणार नाहीत.

आमचा कॉम्प्युटर दिवाळीनंतर आजारी पडला. बटण दाबलं की पंखा फिरायचा, कंपनीचं चिन्ह यायचं, खाली ते ठिपके गोल गोल फिरायला लागायचे, आणि फट्कन पडदा काळा. परत आपोआप चालू, परत काळा. असं तीनदा झालं की निळ्या पडद्यावर दुरुस्तीची पाटी यायची. कधी पाचव्या खेपेला नीट चालू व्हायचा आणि मग दिवसभर काही तक्रार नाही. नेमकं त्याच महिन्यात, १४ ऑक्टोबर २०२५ ला, विंडोज १० चा पाठिंबा, म्हणजे कंपनीकडून फुकट येणारी सुरक्षेची अपडेट, संपला होता. त्यामुळे ज्याला विचारावं तो म्हणायचा, "विंडोज गेलं, दुसरं काय!" मलाही ते पटलं. एकाच महिन्यात दोन गोष्टी घडल्या की एकीनं दुसरी घडवली असं आपण धरून चालतो.

दुकानात नेला. तिथं त्या मुलानं दहा मिनिटं बघितलं आणि म्हणाला, "फॉर्मॅट मारायला लागेल, नाहीतर मदरबोर्ड. मावशी, २०१६ चं मशीन आहे, आता नवंच घ्या." गंमत म्हणजे दुकानात तो कॉम्प्युटर पहिल्या झटक्यात चालू झाला. तेव्हा मला त्यात काही खटकलं नाही. तुम्हाला सांगितलं तेव्हा मात्र तुमचा बशीतला चहा तोंडापाशीच थांबला होता.

फॉर्मॅट म्हणजे आतलं सगळं पुसणं. या शब्दानं माझ्या पोटात गोळा आला, त्याचं कारण तुम्हाला माहीत आहे, पण वाचणाऱ्यांना सांगते. त्या कॉम्प्युटरात माझ्याकडं कांडपाला येणाऱ्या दोनशेवर घरांची मसाल्याची प्रमाणं आहेत. कुणाच्यात ब्याडगी जास्त, कुणाला लवंगी तिखटच पाहिजे, कुणाच्या घरी सुकं खोबरं निम्मं आणि तीळ दुप्पट, कुणाला दगडफुलाचा वास चालत नाही. सासूबाईंच्या तोंडून उतरवून घेतलेली कितीतरी. बायका फोन करून म्हणतात, "गेल्या वर्षीसारखाच करा." तो गेल्या वर्षीसारखा माझ्या डोक्यात नाही, त्या फाईलमध्ये आहे. पेनड्राइव्हवर दुसरी प्रत का नव्हती, हे तुम्ही विचारलंत तेव्हा मी खाली बघितलं. आता आहे. दोन आहेत.

मग भाच्यानं हात घातला. त्याला नावं ठेवणार नाही, पोरानं मनापासून केलं. रॅमच्या पट्ट्या काढून त्यांचे सोनेरी दात खोडरबरानं घासले. घड्याळाचा तो बटणासारखा सेल बदलला. रात्रभर रॅमची चाचणी लावून ठेवली, त्यात काही निघालं नाही. विंडोजमध्ये चूक झाल्यावर आपोआप परत चालू होण्याची सोय असते ती बंद केली, म्हणजे निळा पडदा येऊन थांबेल आणि त्यावरचा कोड वाचता येईल. तरी निळा पडदा आला नाही, सरळ काळाच. शेवटी नोंदींमध्ये त्याला ४१ नंबरची चूक सापडली, कर्नल-पॉवर म्हणून. तो खूश झाला. तुम्ही ऐकून म्हणालात, "अरे, मशीन नीट बंद न होता मेलं, एवढंच त्यात लिहिलंय. हा पंचनामा झाला. कुणी मारलं ते कुठाय?"

तुम्ही आलात तेव्हा तुमचा पहिला प्रश्न होता, "हे पुरात भिजलंय का?" सांगलीत विजेच्या कुठल्याही वस्तूला हाच पहिला प्रश्न. २०१९ ला आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली तेव्हा आम्ही कॉम्प्युटर घोंगडीत गुंडाळून विश्रामबागला नणंदेकडं नेला होता, तो कोरडाच राहिला. हे सांगितल्यावर तुम्ही मान हलवलीत आणि मला वाटलं, आता पेचकस काढतील. तुम्ही मागितलीत वही.

"चार दिवस हात लावायचा नाही. कधी चालू केला, कितव्या खेपेला लागला, त्या वेळी गिरणी चालू होती की बंद, आणि त्याआधी किती वेळ बंद होता, एवढं लिही."

खरं सांगते काका, मला राग आला होता. मनात म्हटलं, यांना कॉम्प्युटरातलं कळत नाही म्हणून वेळ काढतायत. माझा स्वतःचा संशय गिरणीवर होता. मोटर सुरू झाली की घरातले दिवे क्षणभर मिणमिणतात, तेव्हाच हा दगावत असणार, असं मी धरूनच चालले होते. तुम्हालाही आधी तसंच वाटलं होतं, हे तुम्ही नंतर कबूल केलंत. मला ते आवडलं.

चार दिवसांची ती वही अजून माझ्याकडं आहे. सकाळी ६.५०, गिरणी बंद, रात्रभर बंद होता, पाचव्या खेपेला. दुपारी १.१५, गिरणी चालू, अर्धा तास बंद होता, पहिल्या खेपेला. संध्याकाळी ७, गिरणी बंद, चार तास बंद होता, दुसऱ्या खेपेला. पुढच्या सकाळी थंडी जास्त होती, सहाव्या खेपेला. तुम्ही ते पान चष्मा वर करून वाचलंत आणि बोट फिरवत म्हणालात, "गिरणी सुटली निर्दोष. जितका वेळ बंद, तितका त्रास. हा गारठ्यानं आखडतोय."

आणि मग ती जुन्या टीव्हीची गोष्ट. सकाळी टीव्ही लावला की चित्र वरून-खालून दबून चपटं यायचं आणि अर्ध्या तासानं आपोआप पसरून नीट व्हायचं, असे कितीतरी सेट तुम्ही उघडले होते. दर खेपेला आत वाळलेला कंडेन्सर, म्हणजे वीज साठवून एकसारखी पुरवणारा तो छोटा डबीसारखा भाग. त्याच्या आतलं द्रव वर्षानुवर्षांच्या उष्णतेनं सुकत जातं. मशीन गार असलं की असा कंडेन्सर काम टाळतो, जरा ऊब मिळाली की रेटून नेतो. पोरांनी सगळं विंडोजमध्ये शोधलं, कारण दुरुस्तीची पाटी विंडोज दाखवत होतं. पण दोनतीनदा अर्ध्यात मान टाकली की विंडोज आपणहूनच त्या पाटीवर जातं, मारणारा कुणी का असेना. दुकानात तो पहिल्या झटक्यात का लागला तेही कळलं. घरी तासभर चालवून, तसाच गरम गरम रिक्षातून नेला होता. आणि भाच्याची रात्रभरची चाचणी? ती सुरू झाली तेव्हा मशीन आधीच तापलेलं. तुमचे शब्द: "ताप उतरल्यावर थर्मामीटर लावून काय सापडणार!"

पाचव्या दिवशी सकाळी साडेसहाला तुम्ही कानटोपी घालून दारात उभे. कॅबिनेट उघडलं आणि तुम्ही तीनदा शिंकलात. आत हळदीचा आणि मिरचीचा थर. पंख्याच्या पात्यांवर पिवळट तांबडी लोकर जमावी तसा, आणि एसएमपीएसची, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणाऱ्या डब्याची, जाळी तर निम्मी बुजलेली. कांडपाची खोली भिंतीपलीकडं आहे, मधलं दार उघडं असतं. नऊ वर्षं तो कॉम्प्युटर आमच्या धंद्याची पूड श्वासातून घेत होता. मला ओशाळल्यासारखं झालं. तुम्ही म्हणालात, "ब्याडगी आहे, रंगावरनं कळतंय."

मग तुम्ही लेकीचा केस वाळवायचा ड्रायर मागितलात. ती झोपेतून उठून बघायलाच आली. आधी गार मशीन चालू करून बघितलं, तीनदा काळं. प्लग काढून मंद गरम हवा दोन मिनिटं मदरबोर्डावर फिरवली, परत चालू केलं, परत काळं. पुन्हा प्लग काढून हवा फक्त एसएमपीएसच्या जाळीतून आत सोडली. चालू केलं. चिन्ह आलं, ठिपके फिरले, फिरले, आणि माझा गणपतीचा फोटो पडद्यावर. लेक टाळ्या वाजवायला लागली. तुम्ही वर बघितलंसुद्धा नाही, म्हणालात, "एकदा झालं म्हणजे झालं नाही. उद्या परत."

दुसऱ्या दिवशीही तोच खेळ, तोच निकाल. मग मल्टिमीटर, म्हणजे व्होल्ट मोजायचं यंत्र. पिवळी वायर म्हणजे १२ व्होल्ट, तांबडी ५, नारिंगी ३.३, काळी म्हणजे शून्य, हे मला पाठ झालंय. १२ च्या वायरीला पाच टक्के इकडंतिकडं चालतं, म्हणजे ११.४ च्या खाली जायला नको. आमची गार असताना ११.१ दाखवायची आणि काळं व्हायच्या क्षणी आणखी खाली घसरायची. तुम्ही ओळखीच्याकडनं चांगला एसएमपीएस काही दिवसांसाठी आणून जोडलात. काटा १२ च्या वर. तरी नवा घेऊ दिला नाहीत. तीन सकाळी गार मशीन पहिल्या खेपेला लागलं, तिन्ही वेळा वहीत लिहायला लावलंत, तेव्हा म्हणालात, "आता घे."

जुना एसएमपीएस उघडायचं काम तुम्ही आम्हाला लांब उभं करून केलंत. वाचणाऱ्यांसाठी तुमचीच ताकीद लिहिते: प्लग काढला तरी त्यातल्या मोठ्या कंडेन्सरमध्ये जीव घेण्याइतकी वीज शिल्लक राहू शकते, तेव्हा घरी कुणी तो डबा उघडायचा नाही, बदलायचा असेल तर अख्खा बदलायचा. तुम्ही तो आधी रात्रभर ठेवला, मग त्यातली वीज उतरवली, आणि बॅटरीच्या उजेडात मला दाखवलंत. करंगळीच्या पेराएवढे चार कंडेन्सर ओळीनं. चांगल्याचं डोकं सपाट, त्यावर फुलीसारखी खाच. वाईट दोघांचं डोकं तव्यावरच्या भाकरीसारखं टम्म, आणि एकाच्या खाचेतून तपकिरी चिकटा बाहेर आलेला. अंगावर लिहिलेलं: २२०० मायक्रोफॅरड, १६ व्होल्ट, १०५ अंश. ती खाच मुद्दामच केलेली असते, फुटायचं तर तिथून फुटावं म्हणून, हे तुम्ही सांगितलंत. ढोबळ हिशोब असा की दर १० अंश जास्त उष्णतेला कंडेन्सरचं आयुष्य निम्मं होतं. म्हणजे आमच्या पुडीनं जाळी बुजली, आतली हवा कोंडली, डबा तापत राहिला आणि हे बिचारे आतून वाळत गेले. उन्हाळ्यांनी मारलं आणि हिवाळ्यात कळलं.

विंडोजचं काय, असं मी विचारलं तेव्हा तुम्ही फसवं आश्वासन दिलं नाहीत. विंडोज ११ साठी हे मशीन जुनं आहे, ते यात बसणार नाही, हे खरंच. पण तो प्रश्न वेगळा आणि हा आजार वेगळा, दोन्ही एका बिलात घालू नकोस, म्हणालात. सध्या त्याची इंटरनेटची वायर काढून ठेवली आहे, प्रमाणांची फाईल उघडायला ती लागत नाही. नवं घ्यायचं ते सीझन झाल्यावर, पैसे हातात आल्यावर, कुणी घाबरवलं म्हणून नाही.

मजुरी घेतली नाहीत ती नाहीतच. वर अर्धा किलो मसाला दिला तर त्याचे कांडपाच्या दरानं पैसे मोजून टेबलावर ठेवून गेलात. काकूंना सांगून ते पैसे मी परत दिलेत, तुमच्या औषधांच्या डब्यात आहेत, शोधा.

मधल्या दाराला आता पडदा लावलाय, कॉम्प्युटर वरच्या खोलीत नेलाय, आणि दर महिन्याच्या पहिल्या रविवारी लेक ब्रशनं जाळी साफ करते. मार्च लागला की बायकांची रांग लागेल. त्याआधी तुमच्या मिरच्या पाठवा. तुमच्या घरचं प्रमाण फाईलमध्ये ४७ व्या ओळीत आहे, आज सकाळीच उघडून बघितलं: ब्याडगी दोन किलो, लवंगी पाव, खोबरं कमी, खसखस नाही. पुढं काकूंनी सांगितलेलं मी जसंच्या तसं टाईप केलंय, "यांना न सांगता लसूण वाढवणे."

तुमची,
कोपऱ्यावरची कांडपवाली