गिरणगावातल्या खाणावळीच्या मावशींना आभाराचे पत्र

नाशिक

आदरणीय मावशी,

सादर नमस्कार.

हे पत्र तुमच्या घरी न पाठवता सर्वांना वाचता येईल अशा रीतीने लिहितो आहे, याचा तुम्हाला राग येईल हे मला ठाऊक आहे. नाशिकरोडला तुमच्या लेकीच्या घरी मी येतो, तेव्हा 1982 च्या गिरणी संपाच्या वर्षाचा विषय निघाला की तुम्ही तो मोडून काढता आणि माझ्या मुलांची चौकशी सुरू करता. समोर बसून जे बोलू देत नाही, ते लिहूनच सांगावे लागते. दुसरेही एक कारण आहे. मुंबईच्या गिरणगावातल्या, म्हणजे लालबाग-परळच्या त्या काळाबद्दल बोलणाऱ्यांच्या तोंडी संपाचे पुढारी येतात, गिरणीमालक येतात, टोळ्यांचे भाई तर हमखास येतात. पण ज्या बायकांच्या उधारीवर तो संप महिनोन्महिने जेवला, त्यांची आठवण क्वचितच कोणी काढतो. म्हणून हे आभार चारचौघांत मानायचे ठरवले.

नाशिकमध्ये खाणावळ म्हटले की सीबीएस बसस्थानकाच्या आसपासची, दारावर ‘घरगुती जेवण मिळेल’ अशी पाटी असलेली जागा लोकांच्या डोळ्यांसमोर येते. तुमच्या खाणावळीला पाटी नव्हती, बाकडी नव्हती आणि वेगळी जागाही नव्हती. लालबागच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावरच्या दहा बाय बाराच्या ज्या खोलीत तुमचे कुटुंब राहत होते, तिथेच मोरीच्या कठड्यापासून दारापर्यंत पंगत बसे. जेवणारे गडी बहुतेक रत्नागिरी आणि सातारा जिल्ह्यांतले, बायकामुले गावी ठेवून आलेले आणि गावकीच्या, म्हणजे एका गावच्या लोकांनी मिळून घेतलेल्या खोलीत पाळीपाळीने झोपणारे. गिरण्या तीन पाळ्यांत चालत असल्यामुळे तुमच्या स्टोव्हलाही तीन पाळ्या होत्या: सकाळी सातच्या भोंग्याआधी डबे भरून तयार लागत, दुपारी साडेतीनला सुटलेले लोक जेवायला येत आणि दुसरी पाळी मध्यरात्री सुटली की शेवटची पंगत बसे. कोकणातल्या गड्यांना घाटावरची आमटी झोंबत असे, म्हणून त्यांच्यासाठी खोबरे वाटून दुसरे पातेले चढे. त्याचा वेगळा पैसा तुम्ही कधी लावला नाहीत, आणि तक्रार करणारे तरीही तक्रार करतच राहिले. तुम्ही झोपत केव्हा होता, हे मला आजही सांगता येणार नाही.

हा सगळा व्यवहार उधारीवर चालत असे. गडी महिनाभर जेवायचा, पगार झाला की पैसे द्यायचा, आणि मध्ये गावी गेला असेल तर तेवढ्या दिवसांचे खाडे वजा व्हायचे. त्या महिनाभराचे धान्य, तेल आणि रॉकेल तुम्ही वाण्याकडून उधारीवर आणायचे. वाणी अडून बसला की सावकाराची पायरी चढायची आणि त्याचे पठाणी व्याज भरायचे. प्रेमा पुरव यांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले आणि खाणावळी चालवणाऱ्या बायकांनी एकमेकींची हमी घ्यायची, त्या हमीवर राष्ट्रीयीकृत बँकेने कर्ज द्यायचे, अशी वाट काढून दिली. त्यामुळेच अंगठा उठवणाऱ्या तुमच्यासारख्या बाईच्या नावाने बँकेचे पासबुक निघाले. ते पासबुक तुम्ही तांदळाच्या डब्यात ठेवत असा आणि महिन्यातून एकदा माझ्याकडून मोठ्याने वाचून घेत असा, पण तो पुढचा भाग झाला.

18 जानेवारी 1982 रोजी संप सुरू झाला, तेव्हा मी नववीत होतो. कामगार पुढारी डॉ. दत्ता सामंत यांच्या शब्दावर सुमारे अडीच लाख गिरणी कामगार बाहेर पडले, आणि चाळीतला प्रत्येक जण महिन्या-दोन महिन्यांत निकाल लागेल अशा समजुतीत होता. 1946 च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याप्रमाणे वाटाघाटीचा अधिकार एकाच मान्यताप्राप्त संघटनेकडे होता, आणि ती मान्यता राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे असल्यामुळे मालकांना डॉक्टरांशी बोलण्याचे बंधन नव्हते. संप लांबण्याचे ते एक मोठे कारण होते. हे सारे मला मोठेपणी कळले; तेव्हा एवढेच कळत होते की भोंगा वाजत नाही आणि घरात रोख पैसा येत नाही. वडील साचा खात्यात, म्हणजे मागांवर कापड विणण्याच्या खात्यात होते. उन्हाळ्यात आई धाकट्या भावंडांना घेऊन गावी गेली, पेरणीच्या सुमारास वडीलही गेले, आणि माझे दहावीचे वर्ष म्हणून मला खोलीत एकट्याला ठेवण्यात आले. जाताना वडील तुमच्या दारात उभे राहून एवढेच म्हणाले, ‘पोराकडे बघा.’

पंधरा वर्षांच्या मुलाकडे त्या वर्षी लालबागमध्ये बघणे म्हणजे काय होते, हे आज नाशिकला वाढलेल्या माझ्या मुलांना समजावून सांगणे अवघड जाते. वडीलधारी माणसे गावी गेलेली, उरलेली मोर्चाला किंवा नाक्यावर बसलेली. मटक्याचे आकडे आणि हातभट्टीची दारू या दोनच गोष्टींचा धंदा त्या वस्तीत मंदावला नव्हता. संपाच्या आदल्याच आठवड्यात, 11 जानेवारीला, टोळीवाला गुंड मन्या सुर्वे वडाळ्याला पोलिसांच्या गोळीबारात मारला गेला होता आणि मुले त्याच्या गोष्टी रंगवून सांगत होती. भायखळ्यापासून लालबागपर्यंत ज्या टोळ्या उभ्या राहत होत्या, त्यांना चिठ्ठ्या पोचवणारी, दुकानदारांकडे निरोप नेणारी, पोलीस आले की शिट्टी घालणारी पोरे हवी होती, आणि ज्यांच्या घरात कित्येक महिने पगार आला नव्हता अशी पोरे त्यांना प्रत्येक चाळीत सापडत होती. माझ्या वर्गातली दोन मुले त्या वाटेने गेली. ती माझ्याहून वाईट नव्हती. संध्याकाळी सहा ते नऊ या वेळात त्यांना कोणी कामाला लावले नाही, इतकाच फरक मला दिसतो.

मला तुम्ही कामाला लावलेत. ‘मला लिहिता येत नाही, तू रोज सहाला येऊन वही लिहीत जा,’ असे तुम्ही सांगितलेत, आणि त्या बदल्यात दोन वेळचे जेवण ठरले. तुमची लेक तेव्हा सहावीत होती आणि तिचे अक्षर माझ्यापेक्षा कितीतरी चांगले होते, हे मला तेव्हाही दिसत होते. तरीही तुम्ही वही माझ्याच हाती ठेवलीत, आणि पोर उपकाराचे जेवते आहे असे कोणाला, विशेषतः मला, वाटू दिले नाहीत. त्या एका गोष्टीबद्दल मी तुमचा सर्वांत जास्त ऋणी आहे.

त्या वहीत प्रत्येक गड्याचे एक पान होते. आज जेवला की नाही, खाडा किती, देणे किती, आणि संप सुरू झाल्यापासूनची थकबाकी वेगळी. लिहून झाले की तुम्ही भाकरी थापता थापता एकेक नाव विचारत असा, आणि माझ्या आकड्यात चार आण्यांचा फरक असला तरी तुमच्या लक्षात येत असे, कारण सगळा हिशेब तुमच्या डोक्यात आधीच झालेला असे. एका गोष्टीवर तुमचा कटाक्ष होता: थकबाकीचा आकडा पंगतीत कोणाला ऐकू जाता कामा नये. एकदा एका गड्याने स्वतःच लाजून जेवायला येणे बंद केले, तेव्हा तुम्ही मला त्याच्या खोलीवर पाठवून विचारलेत की खाडा किती दिवसांचा धरायचा ते सांगून जा. तो सांगायला आला आणि जेवूनच गेला.

18 ऑगस्टचा दिवस मी विसरणे शक्य नाही. पोलिसांनीच काम बंद करून आंदोलन पुकारले, परळ-लालबागच्या रस्त्यांवर दगडफेक, जाळपोळ आणि लुटालूट सुरू झाली, आणि शेवटी सरकारला लष्कर बोलवावे लागले. आमच्या जिन्यावरून मुले धडाधड खाली पळत होती. कोणाच्या हाती कापडाचा तागा लागल्याची बातमी वर येत होती. तुम्ही जिन्याच्या तोंडाशी पाट टाकून बसलात, माझ्यापुढे तांदळाचे पोते सोडलेत आणि खडे निवडायला सांगितलेत. तांदूळ निवडून झाले तर तुरीची डाळ पुढे आली, डाळ झाली तर पुन्हा तेच तांदूळ आले. मी म्हणालो की हे तर निवडलेले आहेत. तुम्ही म्हणालात, ‘मग नीट निवडले का ते बघ.’ अंधार पडेपर्यंत मी तिथून उठलो नाही, कारण उठायचे तर तुम्हाला ओलांडून जावे लागले असते.

दिवाळीनंतर भातकापणी उरकून कोकणातले काही गडी परत आले. पैसा कोणाकडेच नव्हता, पण थकबाकीपोटी कोणी तांदळाचे गाठोडे आणले, कोणी कुळीथ, आणि पुढे साताऱ्याकडच्यांनी ज्वारी आणि शेंगा आणल्या. या मालाची वहीत किंमत लावायची कशी, हा प्रश्न माझ्यापुढे आला. मी ती अंदाजाने आणि थोडी कमीच लावली होती, तुमचा फायदा होईल या विचाराने. तुम्ही मला उठवून वाण्याच्या दुकानात पाठवलेत आणि त्या दिवशीचा त्याचा विक्रीचा भाव विचारून तोच लिहायला लावलात. ‘डोक्यावर वाहून आणलेला तांदूळ स्वस्त धरायचा नाही,’ हे तुमचे शब्द होते. त्या भावाने हिशेब केल्यावर तुमची येणी बरीच कमी झाली, हे मी तुम्हाला वाचून दाखवले. तुम्ही ‘बरं’ म्हणालात आणि पुढचे पान उलटायला सांगितलेत.

वडील मधूनच एकदा आले ते मला गावी घेऊन जायचे ठरवूनच. परीक्षेला तीन-चार महिने उरले होते, फॉर्मचे पैसे भरायचे होते, आणि शिकून तरी कोणाला नोकरी लागणार आहे, असा त्यांचा प्रश्न होता. त्यात खोटे काही नव्हते. तुम्ही वाद घातला नाहीत. पोराचा वहीचा पगार माझ्याकडे साठला आहे, त्यातून फॉर्म भरलेला आहे, असे त्यांना सांगितलेत. पगार असा काही ठरलाच नव्हता, हे तुम्हाला आणि मला दोघांनाही माहीत होते. मार्च 1983 मध्ये मी परीक्षेला बसलो आणि पास झालो. शेवटची पंगत संपाच्या काळात लवकर उरकत असल्यामुळे रात्री नऊनंतर तुमच्या खोलीतली ट्यूबलाइट माझ्या वाट्याला येत असे. तुमची मुले त्या उजेडात तोंडावर पांघरूण घेऊन झोपत, आणि त्यांनी कधी कुरकुर केल्याचे मला आठवत नाही. त्यांचेही आभार येथे मानतो.

पुढचे सर्वांना माहीतच आहे. तो संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही आणि लाखाहून अधिक माणसांची नोकरी कायमची गेली, त्यांत माझे वडीलही होते. मी सकाळच्या कॉलेजात वाणिज्य शाखा पूर्ण केली आणि 1988 मध्ये सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये कारकून म्हणून लागलो. कसारा घाट चढून आलेला मी काही एकटा नव्हतो; सातपूर आणि अंबडच्या कारखान्यांत गिरणगावातली कितीतरी मुले तेव्हा भेटत. माझ्या पहिल्या साहेबांनी बिन कार्ड, म्हणजे फळीवरच्या मालाच्या नोंदीचे कार्ड, पुढे ठेवून आवक, जावक आणि शिल्लक समजावून सांगायला सुरुवात केली, आणि दहा मिनिटांत ‘हे तुम्ही आधी कुठे केले आहे?’ असे विचारले. मी खाणावळीत, असे उत्तर दिले. त्यांना ती थट्टा वाटली. त्याच खात्यात मी निवृत्त होईपर्यंत काम केले, आणि प्रत्यक्ष मोजणीच्या वेळी कागदावरचा आकडा आणि फळीवरचा माल जुळला नाही तर माझ्या हाताखालच्या मुलांना मी पुन्हा मोजायला बसवत असे. त्यांनी मागे मला काय नावे ठेवली असतील, त्याची कल्पना आहे.

तुमच्या त्या थकबाकीची मला शेवटपर्यंत एकूण बेरीज करू दिली नाहीत. काही गड्यांनी पुढे गावाहून मनीऑर्डरने थोडे थोडे पैसे पाठवले, काहींनी लग्नाला बोलावून साडी दिली, बऱ्याच जणांचा पत्ताच लागला नाही. ती वही आज तुमच्या लेकीकडे आहे. त्या चाळीत जेवलेले कोणी, किंवा त्यांची मुले, हे वाचत असतील तर त्यांनी पैशांची चिंता करू नये. वही वसुलीसाठी ठेवलेली नाही, हे मी तुमच्या वतीने खात्रीने सांगू शकतो. मात्र कधी नाशिकला येणे झाले तर तुम्हाला भेटून जावे, एवढी त्यांना विनंती आहे.

एक नोंद त्या वहीत नाही. संपाच्या पहिल्या पावसाळ्यात बँकेचा हप्ता आणि वाण्याची उधारी एकदम अंगावर आली, तेव्हा तुम्ही तुमच्या माहेरच्या पाटल्या मोडल्यात. मी तारीख घालून ते लिहू लागलो, तर तुम्ही माझ्या हातून पेन्सिल काढून घेतलीत. गड्यांपैकी कोणाच्या नजरेस पडले तर तो उद्यापासून जेवणार नाही, असे म्हणालात. आता हे ज्यांच्यापासून लपवायचे होते, त्यांतले बहुतेक जण राहिले नाहीत. तुमच्या लेकीची परवानगी घेऊन ती नोंद मी येथे करतो: जुलै 1982, खर्चाची बाजू, सोन्याच्या पाटल्या दोन, मावशींच्या.

तुमचा नम्र,
वही लिहिणारा