कायदामंत्री साहेब, मुलीला भेटायचा अर्ज पण ६० दिवसांत निकाली काढा

मा. केंद्रीय कायदामंत्री,
नमस्कार.

साहेब, माझी मुलगी सव्वाचार वर्षांची होती तेव्हा नवरा चार दिवस फिरवून आणतो म्हणून तिला घेऊन गेला तो परत आणलंच नाही. मी पंधरा दिवसांत कस्टडीचा अर्ज टाकला, सोबत इंटरिम ॲक्सेसचा पण, म्हणजे केस चालू आहे तोवर निदान भेटू तरी द्या म्हणून. वकील म्हणाले काळजी करू नका, १९५६ च्या पालकत्वाच्या कायद्यात कलम ६ मध्ये लिहिलेलंच आहे की पाच वर्षांखालचं मूल साधारणपणे आईकडे असावं.

पहिल्या तारखेला समन्स बजावलं गेलं नव्हतं, दुसऱ्या तारखेला समोरच्यांनी से, म्हणजे अर्जावरचं लेखी उत्तर, द्यायला वेळ मागितला, तिसऱ्याला परत वेळ मागितला, मग जजसाहेब रजेवर, मग कोर्टाला सुट्टी, मग त्यांची बदली. ॲक्सेसची ऑर्डर हातात पडली तेव्हा ११ महिने गेले होते आणि मुलीला पाच पूर्ण झाली होती. ज्या कलमावर मी विसंबून होते ते तारखा पडता पडताच संपलं.

कोर्टातल्या मुलांच्या खोलीत एक तास मिळाला. ती पाठीवर छोटी बॅग लावून आली आणि तासभर तिने ती काढलीच नाही. मी म्हटलं काढ ना बाळा, तर म्हणाली लगेच जायचंय. मग थोड्या वेळाने म्हणते, "तुझा फोन बंद पडलाय ना?" मी रोज फोन लावत होते साहेब, रोज.

आता समोरचे वकील सांगतात मूल तिकडे रुळलंय, शाळा तिकडे आहे, हलवू नका. ते खोटं नाही. ११ महिन्यांत कुठलंही मूल रुळेल, रुळायलाच हवं बिचारीला. मुलाचं हित सगळ्यात वर हे त्याच १९५६ च्या कायद्याचं कलम १३ मला मनापासून मान्य आहे, पण ते हित ठरवायला कोर्ट बसेपर्यंत अर्धं ठरून गेलेलं असतं, आणि ते ज्याच्या ताब्यात मूल आहे त्याने ठरवलेलं असतं.

केसमुळे मी हे कायदे वाचायला लागले. बाल न्याय कायदा २०१५ मध्ये आईबापांनी स्वतःहून मूल सोपवलं तरी त्यांना फेरविचाराला दोन महिने देतात, त्याआधी ते मूल दत्तक जाऊ शकत नाही. म्हणजे नातं कायमचं तोडायचं तर कायदा इतकी काळजी घेतो. माझं नातं तोडायची ऑर्डर कुणी काढलीच नाही, नुसत्या तारखा दिल्या. आणि हिंदू विवाह कायद्याच्या कलम २६ मध्ये २००१ साली दुरुस्ती झाली, मुलांच्या भरणपोषणाचा आणि शिक्षणाचा अर्ज नोटीस बजावल्यापासून शक्यतो ६० दिवसांत निकाली काढायचा. फार चांगलं केलं. पण भेटीचा अर्ज त्यात नाही. मुलाच्या फीला मुदत आहे, आईला किंवा बापाला भेटायला नाही. बापाला पण म्हणतेय कारण कोर्टाच्या बाकावर माझ्या शेजारी कितीतरी बाप असेच पुढची तारीख घेऊन उठताना बघितलेत, हे काही आईविरुद्ध बाप असं नाहीये.

कायदा आयोगाने मे २०१५ मध्ये पालकत्व आणि कस्टडीवर २५७ वा अहवाल दिला, संयुक्त कस्टडीपर्यंत सगळं त्यात आहे. त्यावर चर्चा होईल तेव्हा होईल, मी त्याआधीचं एवढंच मागतेय की कलम २६ मध्ये जिथे ती ६० दिवसांची मुदत लिहिली आहे त्या परंतुकात भेटीचा अर्ज पण घाला, आणि १८९० च्या गार्डियन्स अँड वॉर्ड्स ॲक्टमध्ये पण तीच मुदत टाका, कारण सगळ्यांच्या केसेस हिंदू विवाह कायद्याखाली नसतात. जिथे मारहाण आहे, मुलाला धोका आहे तिथे भेट नको किंवा काउन्सेलरसमोरच हवी, हे मी पण म्हणते, पण ते सुद्धा ६० दिवसांतच ठरवा ना. धोका असेल तर उलट जास्त लवकर ठरायला हवं. से यायला उशीर झाला तरी तोवर आठवड्यातून दोन व्हिडिओ कॉल पहिल्याच तारखेला द्यावेत.

आणि ऑर्डर असून मूल आणलं नाही तर भरपाईची भेट पुढच्याच आठवड्यात मिळावी. आत्ता त्यासाठी मला वेगळा अर्ज करावा लागतो आणि त्या अर्जावरही समोरचे से द्यायला वेळ मागतात.

आपली,
एक आई