भुशीला आधी धरण म्हणून तपासा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पाऊस तोंडावर आला की लोणावळ्यात भुशी धरणाची तयारी सुरू होते. तयारी म्हणजे बॅरिकेड, शनिवार-रविवारी दुपारनंतर गाड्या अडवायचं नियोजन, संध्याकाळी जागा रिकामी करण्याचे आदेश आणि नव्याने रंगवलेले ‘पाणी खोल आहे’चे फलक. यात वावगं काहीच नाही. भर पावसात त्या रस्त्यावर उभ्या राहणाऱ्या पोलिसांबद्दल मला आदर आहे. पण ही सगळी तयारी गर्दीची झाली. भिंतीचं काय?

मी पाटबंधाऱ्याच्या कामावर शाखा अभियंता होतो. माझी नोकरी मोठ्या धरणांवर नाही, गावतळी, बंधारे आणि जुने दगडी तलाव यांच्यावर गेली. निवृत्तीनंतर लोणावळ्यात राहतो. भुशीविषयी काही छापून आलं की मी त्यात एकच माहिती शोधतो: भिंतीची शेवटची तपासणी कधी झाली, कोणी केली आणि त्यात काय आढळलं. ती माहिती काही वाचायला मिळत नाही.

बोरघाट १८६३ मध्ये रेल्वेला खुला झाला. सदतीस फुटांमागे एक फूट असा तो चढ. तो ओढून वर आलेली वाफेची इंजिनं तहानलेली असायची. त्यांच्यासाठी ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने इंद्रायणीच्या उगमाजवळ ही दगडी भिंत घातली. पुढे १९२९-३० च्या सुमारास कल्याण-पुणे मार्गावर वीज आली, इंजिनांची तहान संपली, भिंत मात्र राहिली. धरण रेल्वेचं, मागचं रान वनखात्याचं, बंदोबस्त पोलिसांचा आणि सोमवारी सकाळचा कचरा नगरपरिषदेचा, अशी आजची वाटणी आहे. या वाटणीत भिंतीचे दगड नेमके कोणाच्या टेबलावर येतात, हे सामान्य माणसाला कळायला मार्ग नाही.

लोक ज्या पायऱ्यांवर बसून भिजतात, तो सांडवा आहे. तलाव भरला की जादा पाणी तिथून उतरतं आणि पायऱ्यांवर आपटून त्याचा जोर मोडतो. मी धरणांवर काम केलंय हे कळलं की लोक हमखास विचारतात, ‘काका, एवढी माणसं बसतात, धरण फुटणार नाही ना?’ त्या कारणाने नाही फुटणार. दगडी धरण स्वतःच्या वजनावर उभं असतं, माणसांचा भार त्याच्या खिजगणतीत नसतो. त्याला त्रास होतो तो मागून रेटणाऱ्या पाण्याचा आणि त्याहून जास्त पायाखाली शिरून वर उचलू पाहणाऱ्या पाण्याचा. फ्रान्समधलं बूझे धरण १८९५ मध्ये फुटलं, तेव्हा कुठे या उचलीचा हिशेब आराखड्यात धरायची गरज जगभरच्या इंजिनिअरांच्या डोक्यात पक्की बसली. त्याआधीच्या भिंती जाडी आणि अनुभव यांच्या भरवशावर बांधल्या जात.

मला घबराट पसरवायची नाही. खाली सह्याद्रीचा काळा कातळ आहे, भिंत बुटकी आहे, ती उद्या कोसळेल असं मला वाटत नाही. पण ‘वाटत नाही’ आणि ‘तपासून पाहिलं’ यांत फरक असतो, आणि त्या फरकासाठीच सरकारने आम्हाला पगार दिला.

जुनी भिंत बिघडते ती दरजांमधून. दगडाला शंभर-दीडशे वर्षांत फारसं काही होत नाही, पण दोन दगडांमधला चुना पाण्याबरोबर थोडाथोडा विरघळून जातो. बाहेर पांढरे ओघळ दिसले की आत पोकळी होतेय असं धरून चालायचं. मग फटीत माती साचते, पक्ष्याच्या विष्ठेतून पिंपळाचं किंवा उंबराचं बी पडतं. माझ्याकडच्या एका बंधाऱ्यावर असंच वीतभर रोपटं होतं. ‘पुढच्या वर्षीच्या अंदाजपत्रकात घेऊ’ असं वरून उत्तर येत राहिलं. शेवटी मंजुरी आली तेव्हा मुळं दोन थर खाली पोचली होती आणि कोयत्याने व्हायचं काम वरचे दगड सोडवून पुन्हा रचण्यावर गेलं. आणखी एक रोग म्हणजे चुन्याच्या बांधकामाला वरून कडक सिमेंटची दरजभरणी करणं. बिल निघेपर्यंत छान दिसतं. दोन पावसाळ्यांत पोपडे निघतात, आणि तोवर त्यांच्यामागे अडकलेल्या पाण्याने आतला चुना आणखी भुसभुशीत केलेला असतो.

हे सगळं पाहायचं कधी? जुलैत भुशीची भिंत दिसतच नाही, वरून पाण्याचा पडदा असतो. गळती कुठली आणि सांडव्याचं पाणी कुठलं, हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. पाहायची ती एप्रिल-मेमध्ये. तेव्हा पाणी खाली गेलेलं असतं, पाण्याकडची बाजू उघडी पडते, गाळ किती वर आलाय तेही समजतं. गाळाचं दुखणं दुहेरी आहे. तो भिंतीला रेटतो, आणि पाण्यात उतरलेल्याचे पाय त्यात रुततात. पोहता येणाराही मग पोहून बाहेर येईल याची खात्री नाही.

आता कायद्याकडे वळतो. रत्नागिरी जिल्ह्यातलं तिवऱ्याचं धरण २ जुलै २०१९ च्या रात्री फुटलं, वीसहून अधिक माणसं गेली. गळतीच्या तक्रारी गावकऱ्यांनी आधी केल्या होत्या. नंतर जलसंधारण मंत्र्यांनी भिंत पोखरणाऱ्या खेकड्यांकडे बोट दाखवलं, हे महाराष्ट्र विसरलेला नाही. (तिवऱ्याचं धरण मातीचं होतं. भुशीच्या दगडी भिंतीला ती पळवाटही नाही.) २०२१ मध्ये संसदेने धरण सुरक्षा कायदा केला. पावसाळ्याआधी एक आणि नंतर एक अशी तपासणी मालकाने करायची, असं त्यात स्पष्ट आहे. मात्र तो लागू होतो पायापासून पंधरा मीटरपेक्षा उंच धरणांना. दहा ते पंधरा मीटरच्या धरणाला लागू व्हायचा तर त्याची लांबी, साठा, पूर, पाया किंवा आराखडा यांपैकी एखादी अट पुरी व्हावी लागते. दहा मीटरच्या खालचं धरण कायद्याच्या हिशेबात नाहीच. म्हणजे ज्या भिंतीजवळ एरवी गुराख्याशिवाय कोणी फिरकत नाही ती उंच असल्यामुळे तपासली जाणार, आणि जिच्या अंगावर सुट्टीच्या दिवशी हजारो माणसं बसतात ती ठेंगणी असेल तर सुटणार. कायदा करणाऱ्यांनी पाणी मोजलं, माणसं मोजली नाहीत. पण कायदा सक्ती करत नाही म्हणून तपासणीला कोणी बंदी घातलेली नाही.

भिंतीइतकाच तिच्या मागचा डोंगर धरणाचा भाग असतो, हे आपण ३० जून २०२४ ला पाहिलं. पुण्याहून आलेल्या एका कुटुंबातले पाच जण, त्यांत चार मुलं, धरणामागच्या ओढ्यातून वाहून जलाशयात गेले. तो व्हिडिओ साऱ्या देशाने पाहिला. त्या दिवशी पायऱ्यांवरचा बंदोबस्त कितीही चोख असता तरी उपयोग नव्हता, कारण पाणी आलं डोंगरावरून. लोणावळ्यात वर्षाला सरासरी चार हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. वरचे कडे उघडे आणि तीव्र उताराचे, पाणी मुरायला जागा नाही. वर सर आली की खाली घोटाभर असलेला ओढा काही मिनिटांत कमरेला लागतो, आणि खाली उभ्या असलेल्याच्या डोक्यावर तेव्हा कदाचित भुरभुर पावसाशिवाय काही नसतं. ‘धोका’ असा फलक त्याला हे कसं सांगणार? याच इंद्रायणीवर खाली कुंडमळ्याला १५ जून २०२५ रोजी पूल पडून चार जण गेले. फलक तिथेही होता.

डोंगरावर एक पर्जन्यमापक, पावसाळ्यात त्याच्याजवळ वॉकी-टॉकी घेतलेला एक माणूस, आणि धरणावर भोंगा. ओढ्यातल्या माणसाला बाहेर काढायला एवढी सामग्री पुरते, त्यासाठी कुठल्या सल्लागार कंपनीचा अहवाल लागत नाही. शिवदुर्ग मित्र या इथल्या बचाव पथकाच्या मुलांना दर पावसाळ्यात दोर घेऊन मृतदेह शोधायला पाण्यात उतरावं लागतं. त्यांच्यातल्या कोणालाही विचारा, भोंगा नेमका कुठे बसवायचा ते तो जागेवर नेऊन दाखवेल.

भिंतीसाठी माझी मागणी याहूनही स्वस्त आहे. दरवर्षी मे संपायच्या आत एका जबाबदार अभियंत्याने दोन्ही बाजूंनी भिंत चालत पाहावी. गळतीच्या खुणा, दरजा, झाडोरा, झडपेची अवस्था आणि गाळाची पातळी एका पानावर मराठीत लिहावी. ते पान सहीनिशी धरणाच्या वाटेवर, भजीच्या टपऱ्या सुरू होतात तिथे लावावं. खाली त्या अधिकाऱ्याचं पद आणि फोन नंबर असावा. चार खात्यांच्या समन्वय समितीपेक्षा एका नावाचा लोकांना जास्त उपयोग होतो. दरजभरणीचं काम काढलंच तर ते चुन्यात करावं, आणि पावसाआधी घाईने उरकू नये, कारण चुना वाळायला वेळ घेतो. यंदा वेळ निघून गेली असेल तर ऑक्टोबरनंतर हाती घ्यावं.

तुमच्याकडेही एक विनंती. ‘भुशी धरण ओव्हरफ्लो’ ही बातमी तुम्ही दरवर्षी फोटोसह पहिल्या पानावर देता. यंदा पाऊस लागण्याआधी एक फोटोग्राफर पाठवा आणि कोरड्या भिंतीचा फोटो छापा, पाण्याकडच्या बाजूचा. सोबत यायला आणि काय पाहायचं ते दाखवायला मी तयार आहे, सकाळी सातच्या आत निघायचं असेल तर.

आपला,
एक निवृत्त शाखा अभियंता,
लोणावळा