डॉक्टरांची ड्युटी आणि पेशंटची दोन मिनिटं

महोदय,

डॉक्टर नीट तपासत नाहीत, नुसती चिठ्ठी लिहून देतात, ही तक्रार आपल्या भागात घरोघरी ऐकू येते. तक्रार खरी आहे. राग मात्र चुकीच्या माणसावर निघतो, म्हणून हे पत्र.

मध्यंतरी शेजारच्या मावशींना घेऊन बेळगावच्या एका मोठ्या दवाखान्यात गेले होते. जांबोटीकडून सकाळची गाडी धरायची, केस पेपर काढायचा, मग नंबर येईपर्यंत बाकावर बसायचं, यातच दुपार होते. मावशींना साखरेचा आजार. डॉक्टरांनी रिपोर्ट बघितला, गोळ्या लिहिल्या, तोवर पुढचा पेशंट दारात. मावशी उठता उठता म्हणाल्या, "पायाला जरा लागलंय, पण दुखत न्हाई." डॉक्टर मुलीने त्यांना परत बसवलं, लुगडं वर घ्यायला लावून तळपाय बघितला. अंगठ्याखाली जखम चिघळली होती. साखरेने नसा बधिर होतात, म्हणून जखम दुखत नाही, आणि धोका तिथेच असतो. ती मुलगी आदल्या सकाळपासून ड्युटीवर होती, हे ड्रेसिंग करणाऱ्या सिस्टरकडून कळलं. तिचे डोळे बघूनच अंदाज आला होता.

आपली माणसं मुख्य दुखणं शेवटी सांगतात. सीमाभागात त्यात भाषेची भर. डॉक्टर कन्नड किंवा हिंदी बोलणारे, खेड्यातली म्हातारी मराठीशिवाय दुसरं न बोलणारी. अर्धं बोलणं सोबतच्या माणसामार्फत होतं. इथे खरं तर वेळ जास्त हवा. 2017 साली 'बीएमजे ओपन' या वैद्यकीय नियतकालिकात 67 देशांची आकडेवारी आली होती. प्राथमिक तपासणीला स्वीडनमध्ये 22 मिनिटांहून जास्त, भारतात जेमतेम दोन.

निवासी डॉक्टरांना, म्हणजे मोठ्या दवाखान्यात पुढचं शिक्षण घेता घेता काम करणाऱ्या तरुण डॉक्टरांना, सलग 12 आणि आठवड्याला 48 तासांपेक्षा जास्त काम नसावं, असं केंद्राने 1992 मध्येच म्हटलं होतं. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या 2023 च्या नियमांत मात्र तासांचा आकडाच नाही, फक्त 'वाजवी' वेळ. 2024 मध्ये आयोगाच्याच कृतिदलाने आठवड्याला कमाल 74 तास सुचवले. 48 वरून 74 वर येणं ही सुधारणा कशी म्हणायची? तीस-तीस तास जागलेल्या माणसाच्या हातात आपण आपली आई-बाप सोपवतो आहोत.

तेव्हा बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीच्या लोकप्रतिनिधींना विनंती, की नव्या इमारतींच्या उद्घाटनाआधी रिकाम्या जागा भराव्यात. बीपी-साखरेच्या ठरलेल्या गोळ्या गावच्या आरोग्य केंद्रात दर महिन्याला न चुकता मिळाव्यात. नुसत्या गोळ्यांसाठी शहर गाठणारे थांबले, की शहरातली रांग निम्मी नाही तरी बरीच कमी होईल. आणि डॉक्टरांच्या ड्युटीचा तक्ता दवाखान्याच्या दारात लावावा. कोण किती तास जागं आहे, हे पेशंटच्या नातेवाइकांनाही दिसू दे.

आपली,
एक वाचक, ता. खानापूर