पाच हजारांचा आकडा आणि सुफ्फ्यावरचा माणूस

मा. संपादक,
स. न. वि. वि.

हदीसच्या, म्हणजे पैगंबरांच्या उक्ती-कृतींविषयीच्या कथनांच्या, विश्वासार्हतेवरील आपल्या रविवारच्या लेखात पैगंबरांचे सहकारी आणि सर्वाधिक हदीस सांगणारे हजरत अबू हुरैरा यांचा निकाल दोन ओळींत लावून टाकला आहे. पैगंबरांचा सहवास जेमतेम तीन-चार वर्षांचा, मग पाच हजारांवर हदीस आल्या कुठून? प्रश्न रास्त आहे, पण शिळा आहे. तो त्यांच्या हयातीतच विचारला गेला आणि त्यांनी स्वतः दिलेलं उत्तर इमाम बुखारींच्या प्रसिद्ध हदीससंग्रहात आहे.

येमेनकडच्या दौस जमातीचा हा माणूस हिजरी 7 (इ.स. 628) मध्ये, अरबस्तानातल्या खैबरच्या मोहिमेच्या सुमारास मदिनेला आला. ना घर, ना जमीन, ना धंदा. मशिदीतल्या सुफ्फा नावाच्या ओट्यावर निर्धनांसोबत मुक्काम. ते म्हणत, मुहाजिर (मक्केहून आलेले) बाजारात अडकलेले, अन्सार (मदिनेचे मूळ रहिवासी) आपल्या मालमत्तेत. मी मात्र पोटापुरतं मिळालं की पैगंबरांना सोडत नसे. तेही रोज मिळे असं नाही. पोटाला दगड बांधून दिवस काढायचे. मिंबर (मशिदीतलं प्रवचनाचं व्यासपीठ) आणि पैगंबरांच्या पत्नी हजरत आयेशांची खोली यांच्यामध्ये शुद्ध हरपून पडले, की लोक वेड लागलं समजून मानेवर पाय द्यायचे. वेड कसलं, भूक होती ती, असं ते पुढे सांगत.

आता आकडा. परंपरेने 5374 सांगतात, पण त्यात एकच कथन सांगणाऱ्यांच्या वेगवेगळ्या साखळ्यांतून आलं की दर वेळी नव्याने मोजलेलं आहे. पुनरावृत्ती वगळा, संख्या झपाट्याने घसरते. त्यांचे शिष्य हम्माम इब्न मुनब्बिह यांनी त्यांच्याकडून ऐकलेल्या हदीसच्या संकलनात 138 हदीस आहेत. दमास्कस आणि बर्लिन इथल्या हस्तलिखितांवरून ते संपादित केलं आपल्या शेजारच्या हैदराबादचे डॉ. मुहम्मद हमीदुल्लाह यांनी. दख्खनच्या वाचकांसाठीच्या लेखात हे नाव सुटावं, याचं नवल वाटलं.

त्यांच्यावर टीका झालीच नाही, असं माझं म्हणणं नाही. भरभर हदीस सांगण्याबद्दल खुद्द आयेशांनी नाराजी दाखवली होती. अबू हुरैरा बहरीनचा कारभार पाहून परतल्यावर खलिफा उमर यांनी त्यांच्याकडे जमलेल्या पैशाचा हिशेब मागितला. पुढे तेच पद पुन्हा देऊ केलं तेव्हा अबू हुरैरांनी नकार दिला, असं चरित्रकार लिहितात. ही उलटतपासणी त्यांच्याच लोकांनी केली आणि नोंदवूनही ठेवली. लेखमालेच्या पुढच्या भागात तिला जागा मिळावी, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक